दहा टक्के, पण कशावर?

परभणीत कुणी ‘सर, शंभर टक्के येतो’ म्हणालं, की मी घरात त्याच्या नावाचा चहा टाकायला सांगत नाही. ‘ऐंशी टक्के जमंल बघा’ म्हणणारा उशिरा का होईना, येतो. ‘काही सांगता येत नाही’ म्हणणारा आपण दार उघडायच्या आत चपला काढून बसलेला असतो. ‘हजार टक्के’ येणारेही असतात म्हणे. त्यांना मी अजून पाहिलेलं नाही.

तीस वर्षं अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवून मी निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत फळ्यावर सर्वांत जास्त वेळा लिहिलेला शब्द कुठला, असं कुणी विचारलं तर तो ‘नावे’ही नाही आणि ‘जमा’ही नाही. तो आहे ‘कशावर?’. शेजारच्या वर्गात मराठीच्या बाई विभक्ती शिकवायच्या, इकडे मी व्याज शिकवायचो, आणि आमचं दुखणं एकच होतं. टक्क्याला षष्ठी लागते. नुसतं ‘दहा टक्के’ म्हणणं म्हणजे नुसतं ‘जावई आले’ म्हणणं. कुणाचे, ते कळल्याशिवाय पुरण घालायचं की चहावर भागवायचं, हे आतल्या बाईला ठरवता येत नाही.

तसा आमच्या भागात टक्का बँकेत आणि निकालाच्या दिवशीच निघतो. एरवी सगळा व्यवहार शेकड्यावर. ‘तीन रुपये शेकड्यानं काढले’ म्हणजे शंभराला तीन रुपये व्याज, आणि तेही महिन्याला. हे ‘महिन्याला’ कुणी उच्चारत नाही, ते समजून घ्यायचं असतं. त्यामुळे तीनाचे वर्षाला छत्तीस होतात हे लक्षात यायला वर्ष जावं लागतं. हाच माणूस बँकेत साहेबांसमोर बसून ‘बारा टक्के? लै होतंय साहेब’ म्हणून घासाघीस करतो. बारापेक्षा तीन लहान, हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल.

आजोबांच्या पिढीला हे कळत नव्हतं असं मात्र समजू नका. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे त्यांना तोंडपाठ असायचे. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा, जो आज म्हणायला सांगितला तर वाणिज्य शाखेचा पदवीधर मोबाईल शोधतो. मृगात पेरणीला एक पोतं धान्य न्यायचं आणि सुगीला सव्वा पोतं परत घालायचं, ही सवाई. दीड घालायचं, ती दिढी. कानाला किती गोड लागतं! पण चारच महिन्यांचा मामला असल्यामुळे वर्षाचा हिशेब मांडला, तर सवाई म्हणजे ७५ टक्के आणि दिढी म्हणजे दीडशे. पाढे पाठ असूनही आजोबा दिढीनं धान्य आणतच होते. गणित येत नसल्यामुळे माणूस कर्जबाजारी होतो, हे मत मी तेव्हापासून सोडून दिलं.

तर यंदाच्या मार्चात, होळी झाल्यावर, एका संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बारावीला पुस्तपालनात शंभरपैकी ३६ मार्क पाडून गेलेला हा पट्ठ्या आज जिंतूर रोडकडच्या एका गावात मळणीयंत्र आणि ट्रॅक्टर भाड्यानं देतो, आणि बसस्टँडजवळ ऑनलाईन अर्ज भरून द्यायचं दुकानही चालवतो. माझ्या विषयात पैकीच्या पैकी मार्क मिळवलेले विद्यार्थी त्याच्या दुकानात अर्ज भरायला जातात. त्याला हार्वेस्टरसाठी कर्ज काढायचं होतं. बँकेनं ताळेबंद मागितला, सीएनं मालमत्तेची यादी मागितली. ती यादी त्यानं एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर करून आणली होती.

“सर, सीए म्हंत्यात, किंमत लिही, तारीख लिही, आन् घसारा लावून देतो. आता ह्यो घसारा किती लावायचा असतोय ते तुमी सांगा.”

“तुला शिकवला होता.”

“व्हय. पण तवा मपल्याकडं घसरायला काय होतं?”

याला उत्तर नव्हतं. ओट्यावर आमच्या गल्लीतले काका बसले होते. ते मूळचे पूर्णेचे, रेल्वेत ड्रायव्हर होते, आता मुलाकडे परभणीत असतात. वय ८४. गल्लीत कुठंही दोन माणसं बोलत उभी राहिली, की ते गाडी फलाटाला लागल्यासारखे शिट्टी न मारता येऊन लागतात.

मी त्याला पहिल्यापासून समजावलं. घसारा म्हणजे मोडतोड नव्हे. वस्तू दहा वर्षं कामाला येणार असेल, तर तिची सगळी किंमत पहिल्याच वर्षाच्या खर्चात टाकली की त्या वर्षी दिवाळं निघालेलं दिसतं आणि पुढची नऊ वर्षं आपण फार हुशार आहोत असं वाटतं. म्हणून किंमत वर्षावर्षांत वाटून टाकायची. या खर्चापोटी त्या वर्षी खिशातून एक रुपयाही जात नाही, पण नफ्यातून तो वजा होतो आणि तेवढ्यावरचा कर वाचतो.

पोरगा ताठ बसला. “म्हंजे पैसे न देता खर्च? हे बारावीला कामून नाही सांगितलं सर?”

सांगितलं होतं. त्या दिवशी तो पोळ्याच्या बाजाराला गेला होता.

मग आल्या दोन पद्धती. समजा वस्तू एक लाखाची, दर १० टक्के. सरळ रेषेच्या पद्धतीत दहा टक्के दरसाल मूळ किमतीवर मोजायचे, म्हणजे दरवर्षी दहा हजार. दहाव्या वर्षी वस्तू शून्य. घटत्या शिलकेच्या पद्धतीत दहा टक्के उरलेल्या रकमेवर मोजायचे. पहिल्या वर्षी दहा हजार, दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर नऊ हजार, तिसऱ्या वर्षी ८,१००. दहा वर्षांनंतरही पुस्तकात ३४,८६८ रुपये शिल्लक. वीस वर्षांनी १२,१५८. पन्नास वर्षांनी ५१५. शून्य कधीच नाही. दर तोच, वस्तू तीच. फरक फक्त ‘कशावर’चा.

काकांना हे पटेना. रोज थोडं काढलं की एक दिवस बरणी रिकामी होणारच, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पाहुण्यांपुढच्या ताटलीतल्या शेवटच्या भज्याची आठवण दिली. अख्खं भजं उचलण्याचा निर्लज्जपणा कुणी करत नाही. एकजण निम्मं मोडतो. दुसरा त्याच्या निम्मं. तिसरा चिमूटभर. पाहुणे उठून जातात तेव्हा ताटलीत काहीतरी असतंच, आणि ते खायचंही नसतं, टाकायचंही नसतं. घटती शिल्लक म्हणतात ती हीच. आयकर खात्यानं बहुतेक सगळ्या धंद्यांसाठी हीच पद्धत धरली आहे, यावरून त्या खात्यात कधीकाळी कुणीतरी मराठवाड्यात पाहुणचार घेतलेला माणूस असावा, असा माझा कयास आहे.

“आता यादी वाच,” मी म्हणालो.

पहिला कॉम्प्युटर. २०१७ च्या पावसाळ्यात घेतला, चाळीस हजारांना. दर ४० टक्के. त्याआधी तो ६० टक्के होता. २०१७-१८ या वर्षापासून सरकारनं ४० वर आणला. तरीही पंखा, कपाट, इमारत यांच्या मानानं हा दर म्हणजे धावती मेल. नऊ वर्षांचा हिशेब केला आणि त्याच्या पुस्तकी किमतीचा आकडा आला ४०३ रुपये. याच ४०३ रुपयांच्या यंत्रावर तो गावागावांतल्या लोकांचे पीकविम्याचे अर्ज भरतो. की-बोर्डवरची ‘र’ आणि ‘क’ ही अक्षरं पार झिजलीत, कारण परभणीत सगळी आडनावं ‘कर’वर संपतात आणि उरलेले सगळे अर्ज कर्जमाफीचे असतात.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही उगाच म्हणत नाही, तेव्हा तिकडचंही सांगतो. जर्मन अर्थखात्यानं २०२१ साली कॉम्प्युटरचं आयुष्य एक वर्ष धरायला परवानगी दिली. एक वर्ष! आमच्याकडे तेवढ्या अवधीत त्याच्या पडद्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघत नाही. मोटारीला ते सहा वर्षं देतात. परभणीत सहा वर्षांची मोटार म्हणजे नुकती रुळलेली.

दुसरं लोखंडी कपाट. हे त्याच्या वडिलांच्या किराणा दुकानातलं, १९७६ साली १,२०० रुपयांना घेतलेलं. फर्निचरला १० टक्के. पन्नास वर्षांत पुस्तकात उरले सहा रुपये अठरा पैसे. काकांनी तिथल्या तिथं हिशेब काढला: कपाट साठ किलोचं तरी असेल, भंगारवाला पंचवीसनं घेतो म्हणजे दीड हजार. नवं होतं त्यापेक्षा मोडीत महाग!

“मास्तर, हे तुमचं सहा रुपयं कुठून आलं?”

घसारा हा १९७६ च्या रुपयांवर मोजला जातो आणि भंगारवाला आजचे रुपये देतो, एवढंच त्याचं उत्तर. मधल्या पन्नास वर्षांची महागाई ताळेबंदाच्या दारात चपला काढून बाहेरच बसते. हिशेबाच्या शास्त्राची ही खोड मला शिकवताना कायम खुपायची, पण परीक्षेत येत नसल्यामुळे मी ती कधी काढली नाही.

तिसरा कूलर. याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण परभणीत घर बांधताना देवघर आणि कूलरची खिडकी या दोन जागा आधी ठरतात. धंद्याच्या जागेतला म्हणून त्याला मी यंत्राचा १५ टक्के दर धरला, आणि लगेच ओशाळलो. मार्चच्या शेवटी कूलर माळ्यावरून खाली येतो, तेव्हा त्याच्या तळाशी गेल्या वर्षीच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा थर असतो. तो विळ्यानं खरवडून काढताना क्षारांबरोबर थोडा पत्राही निघतो. मग एम-सील. मग नवं गवत. मग पंपाला दोन थापडा. पत्र्याला रंग. पाचव्या वर्षी मूळ कूलरचं काय उरलं आहे, असा प्रश्न पडतो: मोटर बदललेली, पंप बदललेला, गवत दरसालचं, टाकीत निम्मं एम-सील. फक्त आवाज तेवढा मूळचा. या वस्तूला टक्क्यांत घसारा लावायचा तर ‘कशावर’ हा प्रश्न लोखंड, एम-सील आणि आठवण यांच्यात वाटून द्यावा लागेल.

ट्रॅक्टर आणि मळणीयंत्राशी आलो तेव्हा खरी गंमत झाली. दोन्हींचा दर १५ टक्के. पण आयकराचा एक नियम असा, की वस्तू ज्या वर्षी घेतली त्या वर्षी ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच दर मिळतो. ३१ मार्चपासून मागं १८० दिवस मोजत गेलात तर ३ ऑक्टोबर येतो. म्हणजे ३ ऑक्टोबरपर्यंत यंत्र कामाला लावलं तर पूर्ण घसारा, ४ तारखेला लावलं तर निम्मा. आणि आमच्याकडे यंत्र घ्यायचा मुहूर्त कुठला? दसरा.

मळणीयंत्र त्यानं २०२४ च्या दसऱ्याला घेतलं होतं, तीन लाखांना. तो दसरा १२ ऑक्टोबरला होता. नऊ दिवसांनी हुकला! ४५ हजारांच्या जागी २२,५०० रुपयांवर समाधान. ट्रॅक्टर २०२५ च्या दसऱ्याला, आठ लाखांना. तो दसरा नेमका २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीच्या दिवशी. मार्चअखेर १८१ दिवस. पूर्ण एक लाख वीस हजार. पोरानं बसल्या जागी हात जोडले. दसऱ्याच्या देवीला की गांधीजींना, ते विचारलं नाही. यंदाचा दसरा २० ऑक्टोबरला आहे. हार्वेस्टर तेव्हा घेणार असशील तर परत निम्म्यावर येशील, असं मी त्याला बजावलं. गुरुजींना मुहूर्त विचारतानाच हेही विचारून घ्यावं.

शेतीचं मात्र असं काही नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे शेतीतल्या वस्तूंच्या घसाऱ्यालाही कुणी वाली नाही. स्वतःच्या वावरात झिजलेला नांगर कुणाच्या वहीत झिजत नाही.

मग मोटारसायकल. पाच वर्षांपूर्वी ऐंशी हजारांची, आज गिऱ्हाईक चाळीस हजार द्यायला तयार. विम्याच्या तक्त्यातही चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्केच घट धरतात, तेव्हा गिऱ्हाईक अडाणी नव्हतं.

“पाच वर्षांत निम्मी, म्हंजे वर्षाला धा टक्के,” पोरगा म्हणाला.

“कशावर?”

तो गप्प. मी पाटी घेतली. (माझ्याकडे अजून पाटी आहे, तिला घसारा नाही.) ऐंशी हजारांतून दरसाल उरलेल्याचे दहा टक्के काढत गेलं तर पाचव्या वर्षी राहतात ४७,२३९. चाळीस नाही. चाळीसवर यायचं असेल तर दर लागतो बारा पूर्णांक ९४ टक्के. तो काढायला मोडीची किंमत भागिले मूळ किंमत, त्याचं पाचवं मूळ, आणि ते एकातून वजा.

“पाचवं मूळ?” काका म्हणाले. “मास्तर, आमाला दशमूळ म्हाईत हाय. बाळंतिणीला देतात.”

तेव्हा एकच गाडी, पाच वर्षांत निम्मी झालेली: सरळ रेषेनं दहा टक्के, घटत्या शिलकेनं जवळजवळ तेरा. दोन्ही खरं. अशा वेळी माणसं हॉटेलात टेबल बडवून भांडतात आणि दोघंही बरोबर असतात. असंच कापसाचं. सेलू-मानवतच्या बाजारात भाव वीस टक्के पडला आणि मग वीस टक्के चढला, की ‘झाला जागच्या जागी’ असं लोक समजतात. सात हजारांचा पडून ५,६०० झाला. त्यावर वीस टक्के चढले तर ६,७२०. मधले २८० रुपये कुठे गेले म्हणून आडत्याकडे संशयानं बघू नका. पडताना टक्का सात हजारांवर बसला होता, चढताना ५,६०० वर. माणूससुद्धा माडीवरून पडतो आणि तळमजल्यावरून चढायला लागतो.

त्याच विम्याच्या तक्त्यात एक ओळ मला फार आवडते. अपघातात गाडीचे सुटे भाग बदलावे लागले, तर रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापतात. काचेचा घसारा: काही नाही. विमा कंपन्यांच्या मते काच म्हातारी होत नाही. ती एक तर असते किंवा नसते.

यादीत पुढे ‘बोअर’ होता, आणि इथे मला कंपनी कायद्याचं परिशिष्ट आठवलं. २०१३ च्या कायद्यात कुठली वस्तू किती वर्षं जगते याचा तक्ता आहे. मोटारसायकल १० वर्षं. खरं तर दहाव्या वर्षी आमच्याकडे तिच्या दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना लागतात आणि तिचा संसार सुरू होतो. डांबरी रस्ता ५ वर्षं. हे वाचून मी चष्मा पुसला. आमच्या गल्लीतल्या रस्त्याला पहिल्या पावसाळ्यानंतर पुस्तकात फक्त अवशेष मूल्य असतं. विहीर आणि कूपनलिका, दोघींनाही ५ वर्षं. बोअरचं एक वेळ मान्य. मे महिन्यात तो दोन वर्षांतही हात वर करतो. पण विहिरीचं आयुष्य पाच वर्षं धरणाऱ्या कुणालातरी एकदा सेलू तालुक्यातल्या वालूरला न्यायला हवं. तिथली बारव शेकडो वर्षांची आहे, पायऱ्या चक्राकार उतरत जातात, आणि गावकऱ्यांनी गाळ काढल्यावर खालची चिरेबंदी जशीच्या तशी निघाली. तिकडे जिंतूर तालुक्यात चारठाण्याची बारव. या दोघींना पाच वर्षांचा घसारा लावला असता तर त्या यादवकाळातच शून्यावर आल्या असत्या.

जमिनीला घसारा नसतो, हे मी वर्गात सांगायचो तेव्हा एक पोरगं दरवर्षी हात वर करून विचारायचं: मग भूगोलात मातीची धूप कशाला शिकवतात? आयकर खात्याला धूप मान्य नाही. जिल्ह्याला घसारा लागतो की नाही याबद्दल कुठलाही कायदा बोलत नाही, पण परभणीपुरता मी स्वतः पाहिला आहे. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा आमचा परतूर तालुका गेला. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, तेव्हा आणखी तालुके गेले. घटत्या शिलकेची पद्धत आणि दिवस महाराष्ट्र दिनाचा. तेव्हापासून १ मे ला झेंड्याला सलाम करताना परभणीकर जरा आजूबाजूला मोजून बघतो.

यावरून काकांनी पैसेवारी काढली. पूर्वी सोळा आणे पीक म्हणजे भरलेलं रान, त्याची आणेवारी होती. आता शंभर पैशांवर मोजतात. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळाच्या सवलती. जगातली ही एकच परीक्षा, जिच्यात नापास व्हावं म्हणून सगळं गाव देव पाण्यात घालून बसतं. ४८ आली तर पेढे, ५२ आली तर मोर्चा. आणि ही टक्केवारी कशावर? त्या भागात ठरवलेल्या प्रमाण उत्पन्नावर. मुळात प्रमाणच कमी धरलं असेल तर वाळलेलं सोयाबीनसुद्धा पहिल्या वर्गात पास होतं.

सोयाबीनच्या ओलाव्यावर बोलायचं राहिलं. सरकारी खरेदीला १२ टक्के ओलावा चालतो. मालात १४ निघाला तर लोक म्हणतात, दोन टक्के जास्त, म्हणजे क्विंटलला दोन किलो कटती. बरोबर हिशेब दोन किलो २७० ग्रॅमच्या आसपास येतो, कारण पाणी उडालं की शंभराचा आकडाही शंभर राहत नाही. मी हे एकदा बाजारात समजावून सांगायला गेलो. व्यापाऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मूठभर दाणे दाताखाली फोडले, आणि तीन किलो कापले.

शेवटी यादीत एक ओळ उरली: बैलजोडी, लाल कंधारी.

“हे धंद्यात कसं?”

“कोळपणीला भाड्यानं देतो की सर. सोयाबीनच्या तासात ट्रॅक्टर कुठं जातोय?”

बैल पाहताना मला आयकर कायदा फार लहान वाटतो. कुठल्याही यंत्राची किंमत घरी आणल्या दिवसापासून उतरायला लागते. बैलाची आधी चढते. आदत गोऱ्हा स्वस्त. दोनदाती झाला की चढला. चारदाती, सहादाती म्हणजे भर. दात जुळले की हळूहळू उतार. माळेगावच्या यात्रेत हेडी आधी जबडा उघडून बघतो आणि मग रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतो. त्या रुमालाखाली सरळ रेषा नाही, घटती शिल्लक नाही; तिथे चढ आहे, माथा आहे आणि उतार आहे. असा दर लावायला कुठलंच सूत्र माझ्या पुस्तकात नव्हतं.

१९६१ च्या कायद्यानंही हात टेकले आहेत. यंत्रसामग्रीच्या व्याख्येत त्यानं जहाजं घेतली, वाहनं घेतली, पुस्तकं घेतली, शस्त्रक्रियेची हत्यारं घेतली. आणि सांगून टाकलं की चहाची झुडपं आणि जनावरं यात धरायची नाहीत. म्हणजे बैलाला घसारा नाही. धंद्यातलं जनावर मेलं किंवा कायमचं निकामी झालं, तरच त्याची मूळ किंमत, विकून काही आलं असेल तर ते वजा करून, खर्चात टाकता येते. तोवर बैल पुस्तकात पूर्ण किमतीला उभा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा. बैल तेच आहेत.

पोरानं त्या ओळीपुढे रेघ ओढली नाही. “ऱ्हाऊ द्या सर तसंच. ताळेबंदात दोन बैल पुऱ्या किमतीला दिसू द्या, बँकेला बरं वाटंल.”

पत्रिका घडी करून तो उठायला लागला, तेव्हा काकांनी घसा खाकरला.

“मास्तर, सगळ्याचा भाव उतरतोय म्हणता. सरकार मपला भाव चढवायलंय.”

ही गोष्ट खरी आहे. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना वयाची ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनच्या २० टक्के जादा मिळतात. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरी गाठली की १०० टक्के. रेल्वे केंद्राची, म्हणून काका या तक्त्यात. आमच्या सबंध यादीत चढत्या दराची ही एकच नोंद, बैल सोडले तर.

“फुडच्या म्हैन्यात ८५ लागतंय. धा टक्के वाढ.”

तीस वर्षांची सवय. राहवेना. “काका, दहा नाही. आज तुमचे शंभराचे एकशेवीस मिळतात. पुढच्या महिन्यात एकशेतीस होतील. एकशेवीसवर दहा म्हणजे आठ पूर्णांक तेहतीस टक्के.”

काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “कशावर?”

“आज हातात पडतंय त्यावर.”

“आन् ऑर्डरीत कशावर लिव्हलंय?”

“मूळ पेन्शनवर.”

“मग धाच.”

पोरगा हसत हसत गाडीला किक मारायला गेला. एप्रिलमध्ये काकांना ८५ पूर्ण होतात. मुलानं पेढे सांगून ठेवले आहेत. ‘काका, पेढ्याला शंभर टक्के येतो,’ असं पोरगा फाटकातून ओरडून गेला. पेढे आम्ही त्याला सोडून मोजले आहेत.